दवाखान्याची संगणकप्रणाली बदलताना या चुका टाळा

विंडोज 10 चे नियमित सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी बंद झाले. ज्या दवाखान्यांतील जुने संगणक विंडोज 11 च्या टीपीएम 2.0 (संगणकातील सुरक्षा चिप) सारख्या अटींत बसत नाहीत, तेथील डॉक्टरांपुढे आता नवे संगणक घेणे, विंडोजऐवजी उबुंटूसारख्या लिनक्स प्रणालीवर जाणे किंवा ब्राउझरमधून चालणारे क्लाउड सॉफ्टवेअर स्वीकारणे, असे पर्याय उरतात. यांपैकी कोणताही पर्याय निवडला, तरी फसगत बहुधा एकाच कारणाने होते. निर्णय डॉक्टरांच्या टेबलावर डेमो पाहून घेतला जातो आणि अडचणी मात्र काउंटरवर बसणाऱ्या माणसाच्या वाट्याला येतात.

जुना डेटा कोणत्या स्वरूपात बाहेर निघेल, हे न तपासता आगाऊ रक्कम देणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. जुन्या सॉफ्टवेअरची बॅकअप फाइल अनेकदा त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते, आणि पीडीएफमध्ये काढलेले केसपेपर वाचता आले तरी नव्या प्रणालीत शोधता येत नाहीत. म्हणून व्यवहार ठरण्यापूर्वीच पन्नासएक रुग्णांच्या नोंदी नव्या प्रणालीत भरून दाखवायला सांगावे आणि त्या नोंदी विक्रेत्याने नव्हे, तर आपण निवडाव्यात. सर्वांत जुना रुग्ण, एकाच मोबाइल क्रमांकावर नोंदलेले पाच जणांचे कुटुंब, नावात बदल झालेली विवाहित स्त्री अशा आडवळणाच्या नोंदी नीट आल्या, तर बाकीच्यांची फारशी काळजी करावी लागत नाही.

सोलापुरात नावांचा प्रश्न विशेष बिकट होतो. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी कुटुंबे एकाच ओपीडीत येतात, अक्कलकोटबरोबरच सीमेपलीकडच्या इंडीहूनही रुग्ण येतात, आणि त्यामुळे एकच आडनाव येमूल, येमुल, यमुल असे तीन प्रकारे नोंदलेले सापडते. त्यात नोंदी कृतिदेव किंवा शिवाजी यांसारख्या जुन्या फाँटमध्ये असतील, तर नव्या संगणकावर अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांचा गोंधळ दिसतो, कारण ते फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवून चालतात. फाँट पुन्हा बसवून पडद्यावरचे चित्र सुधारते, पण शोध चालत नाही; मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतातच, रूपांतरित करावा लागतो. रूपांतरानंतर रफार आणि पहिली वेलांटी हमखास तपासावी, कारण जुन्या पद्धतीत वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टाइप होत असे. ‘कुलकर्णी’ आणि ‘शिंदे’ ही दोन आडनावे शोधून पाहिली, की रूपांतर कितपत बरे झाले आहे ते लगेच कळते.

वयाच्या रकान्याकडे तर बहुतेकांचे लक्षच जात नाही. 2016 मध्ये ‘वय 34’ एवढेच लिहिले असेल आणि नोंदणीची तारीख सोबत आली नाही, तर नव्या प्रणालीत तो रुग्ण कायम चौतीस वर्षांचाच राहतो. लहान मुलांच्या बाबतीत वजन आणि वयावरून औषधाचे प्रमाण ठरत असल्याने ही चूक धोक्याची आहे. तारखांचेही तसेच आहे. दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली, तर 3 मे चा 5 मार्च होतो आणि कोणतीही सूचना येत नाही. बारापेक्षा मोठ्या दिवसाची तारीख मात्र कोरी तरी राहते किंवा चुकीची असल्याचा संदेश देते, आणि त्यावरून दोष लक्षात येतो. शिवाय मधल्या टप्प्यावर फाइल एक्सेलमध्ये सहज उघडून पुन्हा सीएसव्ही (साध्या मजकुराच्या रकान्यांची फाइल) म्हणून जतन केली, तर केस क्रमांकापुढील शून्ये जातात आणि 14 अंकी आभा (आयुष्मान भारत आरोग्य खाते) क्रमांकाचे शेवटचे आकडे कायमचे हरवतात. असे रकाने आधी ‘टेक्स्ट’ म्हणून आयात करावेत.

यंत्रांची यादी करण्यात कसूर होऊ नये. ईसीजी, सोनोग्राफी, बोटांचा ठसा घेणारे उपकरण, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, या प्रत्येकाचा ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र संगणकाशी जोडणारी आज्ञावली, लिनक्सवर मिळतोच असे नाही. केसपेपरवर मराठीऐवजी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे छापली जात असतील, तर प्रिंटर स्वतःच्या ठरावीक अक्षरसंचात छापत असावा. छपाई ग्राफिक्स पद्धतीने, म्हणजे अक्षरे चित्र म्हणून पाठवून, करून पाहावी.

क्लाउड प्रणाली घेतल्यास संगणकासोबत राउटरलाही यूपीएस द्यावा.

बदलाचा दिवस निवडताना हिशेबनीसाच्या सोयीसाठी 1 एप्रिल धरला जातो. माझ्या मते दवाखान्याची गर्दी पाहून ठरवणे अधिक शहाणपणाचे आहे. जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरलेली असताना किंवा पावसाळ्यात तापाची साथ असताना हा उद्योग आरंभू नये. सुरुवातीचे काही दिवस कच्ची कागदी नोंदवही समांतर ठेवावी आणि रोज संध्याकाळी पावत्यांची बेरीज दोन्हीकडे जुळवून पाहावी.

बॅकअप दुसऱ्या संगणकावर परत उघडून पाहिल्याशिवाय जुने यंत्र पुसू नये. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या विनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे ठेवाव्या लागतात आणि मागणी झाल्यास 72 तासांत द्याव्या लागतात. सोनोग्राफी केंद्राच्या फॉर्म एफचे (गर्भवतीच्या तपासणीच्या नोंदीचा नमुना) दफ्तर किमान दोन वर्षे सांभाळावे लागते. तोपर्यंत जुना संगणक इंटरनेटपासून तोडून, केवळ पाहण्यापुरता ठेवावा. तो भंगारात किंवा अदलाबदलीत देताना हार्ड डिस्क मात्र काढून घ्यावी, कारण केवळ फाइल डिलीट केल्याने रुग्णांची माहिती त्यावरून जात नाही.