एक्झोरा पिवळा पडतोय? एप्सम सॉल्ट बाजूला ठेवा आणि हे करा

बारा महिने हिरवं राहणारं, लाल-केशरी गुच्छ देणारं, फार नखरे नसलेलं झुडूप हवं असेल तर एक्झोरा लावा, ज्याला कुणी पेंडगूळ म्हणतात. कोकणात जांभ्याच्या तांबड्या मातीत ते कुणी न बघता वाढतं, पण पुणे, नगर, संभाजीनगर अशा देशावरच्या गावांत बोअरच्या पाण्यावर ते हमखास रडवतं.

लावायचं पावसाळ्याच्या सुरुवातीला, दिवसाला चार-पाच तास ऊन मिळेल अशा जागी, कुंपण करायचं असेल तर दोन-दोन फुटांवर. फक्त नव्या प्लास्टर केलेल्या भिंतीला चिकटून लावू नका, सिमेंटचा चुना मातीत उतरत राहतो आणि पुढचं सगळं दुखणं तिथूनच सुरू होतं.

आता ते दुखणं. नर्सरीतून आणलेलं रोप काही महिने छान असतं आणि मग शेंड्याची नवी पानं पिवळी यायला लागतात, पण शिरा मात्र हिरव्याच. पान उजेडात धरून बघा, हिरवी जाळी स्पष्ट दिसते. हे लक्षण नीट बघा कारण उपाय त्यावरच ठरतो. खालची जुनी पानं सरसकट पिवळी होत असतील तर नत्र कमी आहे, शेणखत घाला आणि विषय संपवा. सगळंच झाड मलूल असेल आणि माती चिखल झाली असेल तर पाणी कमी करा. पण नवी पानं पिवळी नि शिरा हिरव्या असतील तर झाडाला लोह मिळत नाहीये. मातीत लोह असतं हो, पण चुनखडीच्या मातीत आणि जड पाण्यात ते मुळांना उचलताच येत नाही. कुंडीच्या कडेला पांढरी खर साठली असेल तर समजा पाणीच कारण आहे. थोड्या कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका, बुडबुडे आले तर मातीतही चुना आहे.

आणि इथे लोक काय सल्ला देतात? एप्सम सॉल्ट. अहो ते मॅग्नेशियम, त्याची कमतरता आधी जुन्या पानांवर दिसते! दुसरे म्हणतात राख घाला, अंड्याची टरफलं घाला. दोन्हीनं चुन्यात भरच पडते, एक्झोराला हे अजिबात घालायचं नाही.

लवकर फरक हवा असेल तर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लोहाचा क्षार. लिटरभर पाण्यात ३ ते ५ ग्रॅम, त्यात चिमूटभर लिंबूसत्व, आणि संध्याकाळी नव्या पानांवर बारीक फवारा. आधी एकाच फांदीवर मारून दोन दिवस बघा, कारण जास्त झालं की पानांवर काळे डाग पडतात. हिराकस घेताना फिकट हिरवा असलेलाच घ्या, तपकिरी झालेला फुकट दिला तरी नको. फरशी पण सांभाळा, त्याचे गंजासारखे डाग जाता जात नाहीत, माझ्या गॅलरीत अजून आहेत.

पण फवारणीनं आहेत तीच पानं सुधारतात, पुढची पुन्हा पिवळीच येतात. मातीत नुसता हिराकस टाकून उपयोग नाही, चुनखडीत तो लगेच अडकून बसतो. मातीत द्यायला चिलेटेड लोह घ्या, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या पदार्थानं धरून ठेवलेलं लोह, आणि पाकिटावर त्या पदार्थाचं नाव ‘ईडीडीएचए’ लिहिलंय का ते बघा. दुकानदार बहुतेक वेळा ‘ईडीटीए’वालं पुढे करतो, स्वस्त असतं, पण चुन्याच्या मातीत ते टिकत नाही. ईडीडीएचए पाण्यात टाकलं की पाणी गडद लाल होतं, ते पाकिटावरच्या मापानं मुळाशी द्यायचं, फवारायचं नाही. सोबत मातीत थोडं गंधक मिसळा, त्याचा परिणाम दिसायला काही महिने लागतात म्हणून घाई करू नका. आणि जमेल तेव्हा पावसाचं पाणी साठवून तेच घाला, पावसाळ्यात एक्झोरा आपोआप हिरवागार का होतो याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

छाटणी सोपी, बहर ओसरला की शेंडे हलके कापा. दर पंधरा दिवसांनी कात्री चालवून चौकोनी ठोकळा करायची हौस असेल तर फुलांची आशा सोडा, कारण गुच्छ शेंड्यालाच येतात. मुंग्यांची रांग झाडावर चढताना दिसली तर पानं उलटून बघा, खाली खवले किडे किंवा पांढरा मिलीबग असणार, त्यावर कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी, आठवड्यानं परत.