टंचाईचा व्हिडिओ गावानेच काढताना

पाणीटंचाईवर गावकरी स्वतः व्हिडिओ काढतात तेव्हा सगळ्यात आधी बिघडतो तो आवाज. माळावरचा वारा बोलणं गिळून टाकतो. म्हणून भिंतीच्या किंवा झाडाच्या आडोशाला उभं राहा, मोबाईल बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर आडवा धरा, फ्लाइट मोड चालू करा. प्रत्येक दृश्य निदान १० सेकंद स्थिर हवं.

विहिरीची पातळी नुसती सांगू नका. दर फुटाला गाठ मारलेली दोरी कॅमेऱ्यासमोर सोडा आणि दर महिन्याला त्याच जागेवरून पुन्हा चित्रण करा.

कॅमेरा आधी बायकांच्या आणि भूमिहीनांच्या हाती द्या. हंड्यासाठी किती चालावं लागतं, हे सरपंचांपेक्षा त्या नेमकं दाखवतील. चित्रण त्याच संध्याकाळी सर्वांना दाखवा. कुणाला स्वतःचा भाग नको असेल तर तो तिथेच पुसा.