अंतर्गत समिती कशी नेमावी आणि पहिली तक्रार कशी हाताळावी: नाशिकच्या लहान उद्योगांसाठी

अंबड किंवा सातपूरमधल्या छोट्या युनिटमध्ये लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीचा विषय काढला की बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘आमच्याकडे सहाच माणसं आहेत, आम्हाला लागू नाही.’ मग मोजणी करायला बसा. पीएफला ६ जण, ठेकेदाराचे ३ हेल्पर, आयटीआयचे २ अप्रेंटिस, साफसफाईला येणाऱ्या एक मावशी. झाले १२. कायद्याच्या व्याख्येत कायम, हंगामी, रोजंदारी, ठेकेदारामार्फत आलेले, शिकाऊ, अगदी बिनपगारी मदतनीसही कर्मचारीच आहेत. आकडा १० झाला की समिती सक्तीची. या १० मध्ये बायका किती, हा प्रश्नच नाही. एकही महिला कामाला नसली तरी समिती लागतेच, कारण ऑडिटला, डिलिव्हरीला किंवा ग्राहक म्हणून आलेली स्त्रीसुद्धा तिथे तक्रार करू शकते.

हा कायदा म्हणजे कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई आणि निवारण) अधिनियम, २०१३. बोलीत पॉश कायदा. तो ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे, पण बरीच वर्षं लहान उद्योगांकडे कुणी फारसं विचारायला आलं नाही. आता ती स्थिती राहिलेली नाही. ऑरेलियानो फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०२४ रोजी देशभरातल्या प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी (या कायद्याची जिल्ह्यातली जबाबदारी असलेला अधिकारी) आणि स्थानिक समिती (जिथे अंतर्गत समिती नाही तिथल्या तक्रारी ऐकणारी) नेमायला सांगितलं, आणि खासगी आस्थापनांत अंतर्गत समित्या आहेत का याची पाहणी करण्याचे निर्देश दिले. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी केंद्राने काढलेल्या शी-बॉक्स पोर्टलवर समितीची माहिती भरायची आहे. कंपनी कायद्याच्या व्याख्येतल्या ‘स्मॉल कंपन्या’ आणि एकव्यक्ती कंपन्या सोडून इतर प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांना १४ जुलै २०२५ पासून संचालक मंडळाच्या अहवालात वर्षभरात आलेल्या, निकाली निघालेल्या आणि ९० दिवसांपेक्षा जास्त रखडलेल्या तक्रारींचे आकडे द्यावे लागतात. समिती नेमली नाही तर दंड ५०,००० रुपयांपर्यंत. दुसऱ्यांदा तीच चूक झाली तर दुप्पट, आणि परवाना रद्द होण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते.

दंडाची धास्ती एकीकडे. खरी अडचण वेगळी आहे. तक्रार आल्यावर घाईघाईने नेमलेल्या समितीवर ना तक्रारदार बाईचा विश्वास बसतो, ना ज्याच्यावर आरोप आहे त्याचा. शिवाय समितीची रचना चुकलेली असेल तर महिनोन्‌महिने केलेली चौकशी कोर्टात एका मुद्द्यावर पडते आणि त्या बाईला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. म्हणून समिती तक्रारीच्या आधी हवी आणि नीट हवी.

पायरी १: जागा मोजा

समिती कंपनीला एक नसते, प्रत्येक ठिकाणाला एक असते. ऑफिस कॉलेज रोडला, एक शेड अंबडला आणि दुसरी सिन्नरला, असं असेल तर जिथे जिथे १० माणसं आहेत तिथे तिथे स्वतंत्र आदेश काढा.

कामाची जागा म्हणजे फक्त कंपाउंडच्या आतली जागा असंही समजू नका. दिंडोरी-निफाड पट्ट्यातल्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये हंगामात गावोगावच्या बायका पिकअपमधून आणल्या जातात. मालकाने दिलेली ती गाडीसुद्धा कायद्याने कामाची जागाच आहे. लासलगावच्या खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बायकांनाही हे संरक्षण आहे, हजेरी रोजची असो की आठवड्याची.

पायरी २: माणसं निवडा

किमान चार जण लागतात. पीठासीन अधिकारी, म्हणजे समितीची प्रमुख, ही तिथली वरिष्ठ पदावरची महिला कर्मचारी. कर्मचाऱ्यांमधून किमान दोन सदस्य, ज्यांना महिलांच्या प्रश्नांची कळकळ आहे, समाजकार्याचा अनुभव आहे किंवा कायद्याचं ज्ञान आहे. आणि एक बाहेरची व्यक्ती: स्वयंसेवी संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली. एकूण सदस्यांत निम्म्या तरी महिला हव्यात. मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं.

चुका नेमक्या इथेच होतात. पहिली, मालकाची पत्नी किंवा बहीण पीठासीन अधिकारी. ती पगारपत्रकावर खरोखर वरिष्ठ कर्मचारी असेल तर गोष्ट वेगळी, पण नावापुरती संचालक असेल तर नियुक्ती टिकणं अवघड, आणि कामगार बाई तिच्यापुढे तोंड उघडणार नाही हे तर नक्कीच. दुसरी, कंपनीचाच लेबर कन्सल्टंट किंवा वकील ‘बाहेरचा सदस्य’. जो दर महिन्याला तुमच्याकडून फी घेतो त्याच्या निःपक्षपणावर पहिल्याच सुनावणीला बोट ठेवलं जाईल. तिसरी, वरिष्ठ महिलाच नाही म्हणून पुरुष व्यवस्थापकाला पीठासीन करणं. हे चालत नाही. कायद्याने वाट दिलेली आहे: आपल्याच दुसऱ्या युनिटमधून, तेही शक्य नसेल तर दुसऱ्या संस्थेतून वरिष्ठ महिला घेता येते. शेजारच्या प्लॉटवरच्या कंपनीतल्या एचआर मॅनेजर बाईंना लेखी विनंती करून त्यांची लेखी संमती घ्या.

बाहेरच्या सदस्यासाठी शहरातल्या महिला संस्था, समाजकार्य महाविद्यालयातले प्राध्यापक, कामगार किंवा कौटुंबिक कायद्यात काम करणारे पण तुमच्याकडे वकीलपत्र नसलेले वकील यांच्याकडे विचारणा करा. नियमांनुसार स्वयंसेवी संस्थेतल्या सदस्याला कामकाजाच्या दिवशी २०० रुपये भत्ता आणि प्रवासखर्च द्यायचा असतो. संमती, पत्ता, मोबाइल आणि अनुभवाची अर्ध्या पानाची माहिती फाइलला लावा.

पायरी ३: आदेश काढा

लेटरहेडवर, तारीख आणि जावक क्रमांकासह. मजकूर एवढा पुरतो:

‘कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई आणि निवारण) अधिनियम, २०१३ च्या कलम ४ नुसार (आस्थापनेचे नाव, प्लॉट क्रमांक, पूर्ण पत्ता) या ठिकाणासाठी पुढीलप्रमाणे अंतर्गत समिती गठित करण्यात येत आहे.’

त्याखाली प्रत्येकाचं नाव, हुद्दा, समितीतलं स्थान आणि फोन. शेवटी ‘ही समिती दि. … पासून ३ वर्षांसाठी कार्यरत राहील’ आणि मालकाची किंवा संचालकाची सही. ‘अंतर्गत तक्रार समिती’ हे जुनं नाव २०१६ मध्ये बदललं आहे. नव्या आदेशात ‘अंतर्गत समिती’ असंच लिहा. एखादा सदस्य नोकरी सोडून गेला की त्याच आठवड्यात सुधारित आदेश काढा. चारांपैकी एक कमी झाला आणि तेवढ्यात तक्रार आली, हा प्रसंग वरचेवर घडतो.

पायरी ४: फलक आणि पोर्टल

छळ म्हणजे काय, त्याचे परिणाम काय आणि समितीत कोण आहे, हे ठळक मराठीत लिहून बोर्ड लावा. कामगारांत हिंदी बोलणारे असतील तर हिंदीतही. जागा विचारपूर्वक निवडा. मॅनेजरच्या केबिनबाहेर कोणी थांबून वाचत नाही. बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत आणि पाण्याच्या टाकीजवळ लावा. शी-बॉक्सवर आस्थापनेची नोंदणी करून समिती सदस्यांची नावं, ईमेल, मोबाइल भरा आणि नोंदणीचा स्क्रीनशॉट फाइलला ठेवा.

पायरी ५: तक्रार आली तर

इथे तारखा हाच कणा आहे. पहिल्या दिवशीच कागदावर तक्ता आखा.

घटनेपासून ३ महिन्यांत लेखी तक्रार करायची असते. प्रकार वारंवार घडत असेल तर शेवटच्या घटनेपासून मोजायचं. पुरेसं कारण असेल तर समिती कारणं लिहून आणखी ३ महिने वाढवू शकते. बाईला लिहिता येत नसेल तर लिहून देण्यात मदत करणं हे समितीचं कर्तव्य आहे. नियमांत तक्रारीच्या ६ प्रती मागितल्या आहेत. एकच कागद आणला म्हणून तिला परत पाठवू नका, झेरॉक्स तुम्ही काढा.

तक्रार मिळाल्यापासून ७ कामकाजाच्या दिवसांत एक प्रत ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला द्यायची. ती मिळाल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत त्याने लेखी उत्तर द्यायचं. चौकशी ९० दिवसांत संपवायची, त्यानंतर १० दिवसांत अहवाल, आणि मालकाने ६० दिवसांत शिफारशींवर कारवाई. अपिलाची मुदत ९० दिवस.

तक्रारदार बाईने लेखी मागणी केली तर चौकशी चालू असताना दोघांपैकी एकाची बदली, तिला हक्काच्या रजेव्यतिरिक्त ३ महिन्यांपर्यंत रजा, किंवा तिच्या कामाचा अहवाल लिहिण्याचा अधिकार त्या माणसाकडून काढून घेणं, या शिफारशी समिती करू शकते. एकाच शिफ्टमध्ये, एकाच लाइनवर दोघांना समोरासमोर उभं ठेवून चौकशी नीट होत नाही. बदली करायची झाली तर शक्यतो त्याची करा. तिची केली की कारखान्यात शिक्षा तिलाच झाली असा अर्थ निघतो.

तडजोड फक्त तिने मागितली तरच, चौकशी सुरू होण्याआधी, आणि पैशांच्या बदल्यात कधीच नाही. ‘पाच-दहा हजार देऊन मिटवा’ हा सल्ला कोणी दिला तर तो बेकायदा आहे.

सुनावणीला पीठासीन अधिकाऱ्यांसह किमान ३ सदस्य हजर हवेत. वकील कोणत्याच बाजूने आणता येत नाही. उलटतपासणीचे प्रश्न लेखी घ्या आणि समितीनेच विचारा, म्हणजे तिला दरडावून विचारण्याचा प्रसंग येत नाही. प्रत्येक दिवशीचं कामकाज लिहून हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. सबळ कारणाशिवाय सलग ३ सुनावण्यांना कोणी आलं नाही तर चौकशी एकतर्फी संपवता येते, पण त्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस हवी. अहवाल पक्का करण्याआधी निष्कर्षांची प्रत दोघांनाही द्या आणि त्यांचं म्हणणं ऐका. ही पायरी हमखास गळते आणि तिथेच प्रकरण उलटतं.

आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे तक्रार खोटी होती, असं मुळीच नाही. कायद्यातच तसं म्हटलं आहे. जाणूनबुजून खोटी तक्रार केली हे वेगळं सिद्ध झालं तरच कारवाई होते. तक्रारदाराचं, साक्षीदारांचं नाव किंवा कामकाजाचा तपशील बाहेर गेला तर फोडणाऱ्याला ५,००० रुपये भुर्दंड. कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळसुद्धा जाता कामा नये.

आरोपी दुसऱ्या कंपनीचा असेल तर? सप्लायरचा इंजिनिअर, ट्रान्सपोर्टचा माणूस? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे की बाई जिथे काम करते तिथली समितीही चौकशी करू शकते. ‘तो आमचा माणूस नाही’ म्हणून हात झटकू नका.

पोलिसांचा मार्ग वेगळा आणि कायम मोकळा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली लैंगिक छळ हा गुन्हा आहे. तिला तक्रार द्यायची असेल तर मालकाने मदत करायची असते. तातडीची वेळ असेल तर ११२, सल्ल्यासाठी महिला हेल्पलाइन १८१.

पायरी ६: वर्षअखेर

जानेवारीत मागच्या कॅलेंडर वर्षाचा अहवाल जिल्हा अधिकाऱ्यांकडे द्या: आलेल्या तक्रारी, निकाली काढलेल्या, ९० दिवसांवर रखडलेल्या, घेतलेल्या कार्यशाळा आणि केलेली कारवाई. तक्रार नसेल तर प्रत्येक रकान्यात शून्य लिहा, पण अहवाल द्याच. आणि पोच घ्या.

दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर

अशा वेळी जिल्ह्याची स्थानिक समिती. दोन बायका कामाला असलेलं ब्युटी पार्लर, पाच जणांचा क्लास, मेडिकल दुकान हे सगळे यात येतात. आणि घरसुद्धा. गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये भांडी घासायला येणाऱ्या ताईंसाठी ते घर कामाची जागाच आहे, हे आपल्याकडे फार थोड्या कुटुंबांना ठाऊक आहे. घरकामगार महिलेच्या तक्रारीत सकृद्दर्शनी तथ्य दिसलं तर स्थानिक समिती ती ७ दिवसांत पोलिसांकडे पाठवते.

यासाठी शहरात जिल्हाधिकारी कार्यालय किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात चौकशी करता येते. तालुक्यातल्या बाईला नाशिकला हेलपाटे घालायची गरज नाही. प्रत्येक तालुक्याला नोडल अधिकारी असतो. त्याने तक्रार स्वीकारून ७ दिवसांत स्थानिक समितीकडे पोचवायची असते. तक्रारीच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का घेऊनच तिथून निघा.