बचत गटाच्या हळदीची मोबाइलवरून प्रसिद्धी कशी करावी

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यातल्या एखाद्या बचत गटाला आपल्या हळदीची वार्ता बाहेर पोहोचवायची असेल, तर पूर्वी तालुका वार्ताहराकडे पत्रक नेऊन द्यावे लागे; ते छापून आले तरी वाचणाऱ्याचे मत कानावर येत नसे. आता ग्राहक त्याच मोबाइलवर प्रश्न विचारतो, तक्रार करतो आणि ती इतरांनाही दिसते. म्हणून जाहिरात टाकण्याआधी उत्तर कोण देणार, हे गटाच्या बैठकीत ठरवून घ्यावे.

व्यवहारासाठी वेगळे सिमकार्ड घेऊन त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस सुरू करावे. अध्यक्षांचा खासगी क्रमांक कधीही देऊ नये, कारण अध्यक्ष बदलल्या की त्यांच्याबरोबर सगळे ग्राहकही जातात. कॅटलॉगमध्ये वजन, किंमत आणि टपालखर्च स्पष्ट लिहावा. ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवण्याच्या यादीत, 256 क्रमांक बसतात. परंतु ज्याने आपला क्रमांक सेव्ह केला आहे त्यालाच तो संदेश पोहोचतो, म्हणून 'हा क्रमांक सेव्ह करावा' ही ओळ पाकिटावर छापावी.

व्हिडिओसाठी संगीत, फुले, झगमगाट यांची गरज नाही. शिजवून अंगणात वाळत घातलेले हळकुंड हातात घेऊन मोडावे, त्याचा कट् असा आवाज ऐकू द्यावा आणि आतला गर्द रंग सकाळच्या उन्हात दाखवावा. माझ्या मते एवढी वीस सेकंदे पुरेशी आहेत.

दाव्यांबाबत मात्र हात आखडता ठेवावा. वायगाव हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावण्याची कायदेशीर ओळख) मिळाले, पण म्हणून वर्धा जिल्ह्यातील प्रत्येक हळद वायगावची ठरत नाही आणि त्या नावाने विकायचे असल्यास अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. 'सांधेदुखी बरी होते' असे लिहिणे तर टाळावेच. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एखाद्या रील करणाऱ्या मुलाला पैसे किंवा फुकट पाकिटे दिली असतील, तर ती जाहिरात असल्याचे त्याने रीलमध्येच सांगितले पाहिजे.

आमच्या गटाच्या हळदीत गाठी झाल्याचे एका ताईंनी भर ग्रुपवर लिहिले, तेव्हा आमच्यापैकी एकीने तो संदेश काढून टाकायला ॲडमिनला सांगितले आणि त्यानंतर त्या गाठींपेक्षा काढलेल्या संदेशाचीच चर्चा अधिक झाली. पाकिटाची शिलाई सैल राहून दमट हवा आत गेली होती. ते त्याच ग्रुपवर मान्य करून नवे पाकीट पाठवले, तेव्हा कुठे बोलणे थांबले. तक्रार जिथे आली, तिथेच उत्तर द्यावे.

पेरणीच्या दिवसांत सगळ्याजणी सकाळपासून वावरात असतात. त्या काळात 'संध्याकाळी सातनंतर उत्तर देऊ' असा आपोआप जाणारा संदेश लावून ठेवावा, आणि सात वाजता फोन खरोखर उघडावा.