घरात मॉर्फिन-ट्रामाडॉल चालू असेल तर काय काय सांभाळायचं

आमच्या आप्पांना तोंडाचा कॅन्सर निघाला, तंबाखू-चुना 40 वर्षं, तेव्हा नवल काही नव्हतं. मुंबईला ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, आणि नंतरचे आठ-नऊ महिने घरीच, चोपड्याच्या बाजूला आमच्या गावात. त्या काळात गोळ्या मीच द्यायचो म्हणून लिहितोय, कारण आपल्या जळगाव-धुळ्याकडे आता बऱ्याच घरात मॉर्फिन-ट्रामाडॉल ही जोरदार दुखणं थांबवणारी औषधं दिसतात आणि डॉक्टरकडे गर्दी एवढी असते की समजावून सांगायला पाचच मिनिटं मिळतात. डोस मी कोणाला सांगणार नाही, तो डॉक्टरच ठरवणार. पण घरी आणल्यावर त्या गोळीचं काय करायचं, कुठे चुकतं, ते सांगतो.

आधी भीतीचं बोलू. मायने चिठ्ठी पाहिली नि म्हणाली, "अफूनी गोळी शे ती, सवय लागी जाई त्यासले." खोटं नाही, मॉर्फिन अफूपासूनच निघतं, आपल्या शेजारी मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्यावर अफू पिकते आणि नीमचला सरकारी कारखान्यात त्याचं औषध तयार होतं. पण आम्ही या भीतीपायी पहिले चार दिवस गोळी अर्धीच दिली आणि आप्पा रात्रभर गाल धरून बसून राहिले, ते मला अजून खुपतं. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रोज गोळी घेतली की काही आठवड्यांत शरीराला तिची सवय होते, म्हणजे अचानक बंद केली तर घाम, जुलाब, अंगदुखी, तळमळ सुरू होते, म्हणून ती डॉक्टर सांगतील तशी हळूहळू उतरवायची असते. आणि व्यसन म्हणजे दुखत नसताना गोळी मागणं, लपवणं, जास्त घेणं. व्यसन कोणालाच लागत नाही असं मी म्हणणार नाही, ज्यांना दारूची किंवा दुसरी सवय आधी होती त्यांना धोका जास्त असतो, ते डॉक्टरला लाज न ठेवता सांगा. ऑपरेशन किंवा अपघातानंतर थोड्या दिवसांसाठी गोळी दिली असेल तर पहिल्याच दिवशी विचारून घ्या की किती दिवस घ्यायची आणि बंद कशी करायची. आणि गोळीवरचा ताबा सुटतोय असं वाटलं तर 14446 हा सरकारी व्यसनमुक्तीचा मोफत नंबर आहे.

सुरू करण्याआधी घरातल्या सगळ्या गोळ्या, सिरप, वैद्याच्या पुड्या सुद्धा, एका पिशवीत भरून डॉक्टरसमोर ओतायच्या. तोंडी सांगताना हमखास एखादी राहून जाते. किडनी कमजोर असेल तर मॉर्फिन शरीरात साचत जातं, दम्याचा त्रास, झोपेत घोरता घोरता श्वास थांबणं, लघवी अडकणं, हे सगळं सांगायचं. ट्रामाडॉल असेल तर पूर्वी कधी फिट आली होती का आणि डिप्रेशनची गोळी चालू आहे का, हे तर नक्कीच, कारण ट्रामाडॉलने फिट येऊ शकते आणि डिप्रेशनच्या काही गोळ्यांसोबत ते जमत नाही. सगळ्यात घातक म्हणजे झोपेची गोळी आणि दारू. अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी आपल्याकडे घरोघरी सापडते, ती आणि ही एकत्र झाली की दोघी मिळून श्वास मंद करतात. आमच्याकडे भेटायला आलेले एक नाना म्हणाले, एक घोट द्या, छान झोप लागेल. मी हात जोडले त्यांना.

ट्रामाडॉलची अजून एक गोष्ट, बऱ्याच पाकिटांत ते एकटं नसतं, 37.5 मिलिग्रॅम ट्रामाडॉल आणि 325 पॅरासिटामॉल एका गोळीत असतं. आता पेशंटला ताप आला की आपण वरून क्रोसिन नाहीतर डोलो देतो, म्हणजे पॅरासिटामॉल दोन बाजूंनी पोटात जातं. मोठ्या माणसाला दिवसभरात 4 ग्रॅमच्या वर जायला नको, आणि अशक्त, न जेवणाऱ्या, लिव्हर खराब असलेल्या माणसाला तर त्याहून बरंच कमी. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा, नाही दिसलं तर पोराला वाचायला लावा.

मिळण्याचं सांगतो. ट्रामाडॉल 2018 पासून अंमली पदार्थांच्या कायद्यात आहे आणि चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या एच-वन यादीत पण आहे, म्हणून मेडिकलवाला चिठ्ठी बघतो, रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नि पेशंटचं नाव लिहितो आणि ते रजिस्टर त्याला तीन वर्षं ठेवावं लागतं. तो नखरे करत नाहीये, ते त्याचं कामच आहे. चिठ्ठीशिवाय जो देतो त्याच्याकडे जाऊ नका. मॉर्फिन कोपऱ्यावरच्या मेडिकलवर मिळत नाही, 2014 ला कायदा थोडा सोपा झाला तरी मान्यता असलेल्या दवाखान्यातूनच घ्यावं लागतं. त्यामुळे शेवटची स्ट्रिप उघडली की त्याच दिवशी पुढची तयारी करा. रविवार, आखाजी (अक्षय्य तृतीया), पोळा धरून आठ दिवस हातात पाहिजेत, नाहीतर एक दिवस गोळी नाही आणि पेशंट तळमळतोय अशी वेळ येते. प्रवासात गोळ्या मूळ पाकिटात आणि चिठ्ठी सोबत, बॅगेत सुट्ट्या टाकू नका.

आता रोजचं. दुखलं की द्यायची अशी ही गोळी नाही, कायमच्या दुखण्याला घड्याळाप्रमाणे द्यायची असते. साधी मॉर्फिनची गोळी चार तास टिकते, म्हणून आम्हाला सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 आणि रात्री 10 असं लिहून दिलं होतं, रात्री 10 ची डॉक्टरने दुप्पट लिहिली होती म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. दुखणं डोक्यावर चढू द्यायचं आणि मग गोळी द्यायची याने गोळी जास्त लागते आणि माणूस पण खचतो. मध्ये अचानक कळ आली तर त्यासाठी वेगळा जास्तीचा डोस लिहून घ्या, आणि तो दिवसात दोन-तीनदा लागायला लागला तर स्वतः वाढवू नका, फोन करा. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन देऊन भरपाई करायची नाही. उलटीत गोळी पडली असं वाटलं तरी लगेच दुसरी नाही, आधी विचारा. आणि बारा तासांची म्हणून जी गोळी येते ती कुटून, फोडून, नळीतून कधीच द्यायची नाही, बारा तासांचं औषध एकदम अंगात उतरतं.

देणारा हात एकच पाहिजे. आमच्याकडे सुरुवातीला तीन होते, मी, माय आणि माझी बायको, आणि एका संध्याकाळी सहाची गोळी दोनदा गेली, दोघांनीही प्रेमापोटीच दिली. तेव्हापासून शंभर पानी वही आणली आणि कॅलेंडरशेजारी खिळ्याला टांगली. तारीख, वेळ, किती दिली, कोणी दिली, दुखणं दहापैकी किती, पोट साफ झालं का, उलटी झाली का, झोप कशी. वहीत लिहिल्याशिवाय डब्याचं कुलूप लावायचं नाही असा नियम. डॉक्टरकडे नेली तर त्यांनी आधी वहीच पाहिली, आम्ही तोंडाने सांगत होतो त्याच्यापेक्षा त्यांना त्यातून जास्त कळलं.

पोटाचं खूप लोक हलक्यात घेतात. मळमळ आणि गुंगी बहुतेकांची पहिल्या काही दिवसांत कमी होते, उलटीची गोळी तेवढ्यापुरती मागून घ्या. बद्धकोष्ठ मात्र गोळी चालू आहे तोवर जात नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्याच दिवसापासून सोबत पाहिजे, चार दिवस कोंडल्यावर नाही. आपल्याकडे रावेर-यावलची केळी घरात घडानं असतात, लोक म्हणतात केळी खाऊ घाला, इसबगोल द्या. केळी खाऊ द्या, पण त्याच्यावर भागत नाही. आणि इसबगोल तर पाणी कमी पिणाऱ्या पेशंटला उलट आत गोळा होऊन अडकतं. आतड्याला हलवणारं औषध लागतं, बिसाकोडिल किंवा सोनामुखीचं, ते डॉक्टर लिहून देतात. रोज विचारायचं, "पोट साफ व्हयनं का?" आप्पा चिडायचे, तरी विचारायचं. तीन दिवस झालं नाही तर कळवायचं, आणि पोट फुगून उलट्या व्हायला लागल्या तर तीन दिवसांची वाट पण बघायची नाही.

पुढे आप्पांचं तोंड उघडेना, तेव्हा फेंटानिल या मॉर्फिनसारख्याच जोरदार औषधाचा पॅच आला, पाठीवर चिकटवायचा, तीन दिवसांनी बदलायचा. इथे आमची मोठी चूक झाली आणि ती आपल्या भागात कोणाचीही होऊ शकते. आखाजीचे दिवस, 45 च्या वर पारा, पत्र्याचं घर, दुपारी लाईट गेलेली. आप्पांची पाठ अवघडली म्हणून ताईने चांगल्या मनाने गरम पाण्याची पिशवी पाठीला लावली, पॅचच्या वरतीच. उष्णतेने पॅचमधलं औषध कातडीतून भराभर आत जातं हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणजे कागदावर होतं पण वाचलं कोणी. तासा-दीड तासात आप्पा एवढे गुंगले की हाक मारली तर डोळे अर्धे उघडून परत मिटायचे, घशातून घरघर, श्वास मोजला तर मिनिटाला आठ. पॅच काढला, गाडीत घातलं, दवाखान्यात नेलं. पॅच काढल्यावरही कातडीत साठलेलं औषध पुढे बराच वेळ आत जातच राहतं म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं. वाचले. म्हणून सांगतो, पॅचला शेक नाही, ऊन नाही, कढत पाण्याची आंघोळ नाही, पेशंटला ताप चढला तर डॉक्टरला कळवायचं, आणि उन्हाळ्यात घरातल्या थंड खोलीत खाट. नवा लावताना जुना काढलाय ना ते हाताने चाचपून बघायचं, जागा बदलायची, तारीख पॅचवर पेनने नाही, वहीत लिहायची. पहिला पॅच लावल्यावर पूर्ण असर यायला 12 ते 24 तास लागतात, तेवढ्यात काही होत नाही म्हणून दुसरा चिकटवू नका.

जास्त झालं हे ओळखायचं कसं, ते घरातल्या पोरांनाही शिकवा. थकलेला पेशंट झोपतोच, पण हाक मारली की डोळे उघडतो, दोन शब्द नीट बोलतो. हलवूनही नीट जागा होत नसेल, श्वास पूर्ण मिनिट मोजल्यावर दहाच्या खाली असेल किंवा मध्येच थांबत असेल, विचित्र घोरल्यासारखी घरघर येत असेल, ओठ-नखं काळीनिळी, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, तर वेळ घालवायचा नाही. पुढचा डोस थांबवा, पॅच असेल तर काढा, 108 ला फोन करा, कुशीवर झोपवा म्हणजे उलटी झाली तर श्वासात जाणार नाही, आणि जवळून हलू नका. श्वास बंदच झाला तर 108 वाले फोनवर सांगतील तसं करा. लिंबूपाणी, ताक, मिठाचं पाणी तोंडात ओतू नका, अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या ते फुप्फुसात जातं. दवाखान्यात नॅलोक्सोनचं इंजेक्शन देतात, त्याने माणूस पटकन जागा होतो, पण त्याचा असर गोळीच्या आधी उतरतो, म्हणून "आते बरं वाटस" म्हणाले तरी लगेच घरी आणायची घाई करू नका.

ठेवायचं कुठे, तर देवघरात नाही, फ्रिजवर नाही, उशीखाली तर नाहीच. आमच्याकडे जुन्या गोदरेजच्या कपाटात डबा, चावी माझ्या करगोट्याला. दर रविवारी गोळ्या मोजायच्या आणि वहीशी ताळा करायचा. लहान लेकराने एखादी गिळली तर एकच पुरते जिवाला. शेजारच्या काकूंची कंबर धरली म्हणून त्यांना यातली एक द्यायची नाही, कितीही मागितली तरी. पेशंट हिंडता-फिरता असेल तर पहिले काही दिवस आणि डोस वाढवला की मोटारसायकल नाही, ट्रॅक्टर नाही, विहिरीच्या कडेला मोटर चालू करायला एकट्याने जाणं नाही.

वापरलेल्या पॅचमध्ये पण बरंच औषध उरलेलं असतं. चिकट बाजू आत करून घडी घालायची आणि डब्यात परत ठेवायचा, उकिरड्यावर नाही, तिथे पोरं आणि बकऱ्या दोन्ही फिरतात. आप्पा गेल्यावर दहावं झालं आणि मी डबा उघडला. 26 गोळ्या आणि दोन कोरे पॅच होते. घरात ठेवून घ्या, कामाला येतील असं दोघं-तिघं म्हणाले. मी वही आणि डबा घेऊन जिथून आणल्या होत्या तिथेच गेलो, तिथल्या सिस्टरने माझ्यासमोर मोजल्या, त्यांच्या रजिस्टरला लिहिलं आणि माझ्या वहीच्या पानावर पण सही करून दिली.