स्वतःचा दावा स्वतः लढवताय? प्रतिवादींनो, या चुका टाळा

वकील न लावता दिवाणी न्यायालयात स्वतः उभं राहायला कायद्याची आडकाठी नाही. अशा प्रतिवादीचं नुकसान मात्र युक्तिवादाच्या कितीतरी आधी, कैफियतीतच (दाव्याला द्यायच्या लेखी उत्तरातच) होऊन बसतं.

पहिली चूक बेलिफ, म्हणजे समन्स बजावणारा न्यायालयाचा कर्मचारी, दारात येतो तेव्हाच होते. समन्स घ्यायला नकार दिला, तरी ते बजावलं गेलं असंच न्यायालय धरू शकतं. कैफियत द्यायला 30 दिवस असतात. कारणं नोंदवून न्यायालय ती मुदत 90 दिवसांपर्यंत नेतं. व्यापारी दाव्यात 120 दिवस उलटले की कैफियतीचा हक्कच जातो. गैरहजर राहिल्यामुळे एकतर्फी हुकूमनामा (तुमची बाजू न ऐकता दिलेला निकाल) झालाच, तर तो रद्द करून घेण्याच्या अर्जाला 30 दिवस. समन्स रीतसर बजावलंच नसेल, तर हे दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात.

आता कैफियत. बहुतेक जण आपली सगळी कहाणी लिहून काढतात आणि शेवटी ‘वादीचे म्हणणे खोटे आहे’ अशी एक ओळ टाकतात. ती पुरत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 8 प्रमाणे जे विधान नेमकेपणाने नाकारलं नाही, ते कबूल केलं असं धरलं जातं. म्हणून दाव्याचं एकेक कलम समोर ठेवा आणि प्रत्येकापुढे कबूल, नाकबूल किंवा माहिती नाही, यांपैकी एक लिहा. समजा कलम 4 मध्ये ‘प्रतिवादीने 2 लाख रुपये उसने घेतले’ असं आहे. ‘मी 2 लाख घेतले नाहीत’ हे उत्तर लंगडं आहे, कारण मग दीड लाख घेतले का, हा प्रश्न उरतो. ‘ती रक्कम किंवा तिचा कोणताही भाग घेतलेला नाही’ असं लिहा; काही घेतली असेल तर किती, तेही सांगा. मुदतबाह्यतेचा, म्हणजे दावा कायद्याची मुदत संपल्यावर लावल्याचा, मुद्दाही इथेच मांडा. उसन्या पैशांच्या दाव्याला साधारण 3 वर्षांची मुदत असते.

कागद यादीसह दाखल केले म्हणजे ते शाबीत झाले, हा आणखी एक गैरसमज. शाबीत झाल्यावरच त्यांना पुराव्यात निशाणी (पुरावा म्हणून क्रमांक) पडते. मोबाइलवरच्या संदेशांची नुसती प्रिंट चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र सोबत लागतं. त्याचा भाग ‘अ’ पक्षकाराने आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाने भरायचा असतो.

उलटतपासणीत साक्षीदाराशी वाद घालू नका. तुम्ही लाख रागवाल, पण लिहून घेतलं जातं ते त्याचं उत्तर. छोटे प्रश्न विचारा आणि आपली बाजू त्याच्यासमोर ठेवाच: ‘तुम्ही मला पैसे दिलेच नाहीत, हे खरं आहे ना?’ तो नाही म्हणेल आणि ‘हे म्हणणे खरे नाही की...’ अशी नोंद होईल. होऊ द्या. हे विचारलंच नाही, तर त्याचं म्हणणं तुम्हाला मान्य होतं, असा युक्तिवाद समोरचा वकील शेवटी करतो.

पुढची तारीख ऐकीव ठेवू नका. ई-कोर्ट्स अ‍ॅपवर सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) टाकून पाहा. निकाल विरोधात गेला, तर निकालाच्या प्रमाणित नकलेचा अर्ज त्याच दिवशी द्या. जिल्हा न्यायालयात अपिलाला 30 दिवस असतात. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळले जातात, अर्ज न देता घालवलेले दिवस नाहीत.