नियमित रक्त घेणाऱ्या सिकलसेल रुग्णाच्या लोहावर लक्ष कसे ठेवावे

पक्षाघात टाळण्यासाठी ज्या सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होणारा आनुवंशिक आजार) रुग्णांना दर तीन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, त्यांच्या घरात हिमोग्लोबिनचा आकडा सर्वांना तोंडपाठ असतो. लोहाचा आकडा मात्र फारसा कुणी विचारत नाही. तो विचारायला हवा. तांबड्या पेशींच्या एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते. शरीरातून दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह बाहेर पडते, आणि जास्तीचे लोह टाकून देण्याची सोय शरीराकडे नाही. महिन्याला एक पिशवी धरली तरी वर्षभरात अडीच ग्रॅमच्या आसपास भर पडते, आणि प्रौढ माणसाच्या शरीरात मुळात लोह असते तेच ३ ते ४ ग्रॅम. हा साठा प्रथम यकृतात होतो आणि बराच काळ कोणतेही दुखणे जाणवू देत नाही.

म्हणून सुरुवात एका वहीपासून करावी. रक्त चढवल्याची तारीख, पिशवीवर लिहिलेले मिलिलिटर, रुग्णाचे त्या दिवशीचे वजन आणि रक्त नुसते चढवले की आधीचे काढून बदलले, एवढे प्रत्येक वेळी लिहून ठेवावे. रक्त बदलण्याच्या पद्धतीत जुन्या पेशींबरोबर लोहही बाहेर जात असल्याने साठा बराच कमी होतो. ही सोय उपलब्ध आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. आतापर्यंत एकूण किती रक्त मिळाले, हे वहीवरून कळते, आणि माझ्या मते कोणत्याही एकट्या तपासणीपेक्षा ही नोंद अधिक भरवशाची असते.

फेरिटिनची, म्हणजे शरीरातील लोहाच्या साठ्याचा अंदाज देणाऱ्या रक्तातील प्रथिनाची, तपासणी साधारण दर तीन महिन्यांनी, शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी. वेदनेचा झटका, ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन लोहाशी संबंध नसतानाही वाढते. त्यामुळे रुग्ण बरा असताना, रक्त चढवण्याआधी नमुना द्यावा. एका अहवालाने घाबरू नये आणि निर्धास्तही होऊ नये. आकडा पुन्हा पुन्हा १००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर येत असेल, तर लोह उतरवणाऱ्या औषधाचा विषय डॉक्टरांपुढे काढावा. यकृतात प्रत्यक्ष किती लोह आहे, हे लोह मोजणाऱ्या विशेष एमआरआयनेच नीट कळते. तो वर्षा-दोन वर्षांनी करून घेणे योग्य. सिकलसेलमध्ये हृदयात लोह साठण्याचे प्रमाण थॅलेसेमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकारापेक्षा कमी असते, तरी अनेक वर्षे रक्त घेणाऱ्यांनी हृदयाचीही तपासणी करून घ्यावी.

औषध सुरू झाले की खरी कसोटी ते रोज घेण्याची असते. डेफरासिरॉक्स दिवसातून एकदा तोंडाने घेतात. त्यात मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या नियमित लागतात, आणि उलट्या-जुलाबांमुळे अंगातले पाणी कमी झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. डेफेरिप्रोनमुळे क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात, म्हणून ते चालू असताना ताप आल्यास ते थांबवून लगेच रक्त तपासावे लागते. डेफरॉक्सामिन लहान पंपाने कातडीखाली, आठ ते बारा तास, आठवड्यातील पाच किंवा अधिक रात्री द्यावे लागते. तेही तापात थांबवून डॉक्टरांना कळवावे. याने लघवी तांबूस होऊ शकते, पण सिकलसेलमध्ये पेशी फुटल्यानेही लघवी गडद होते, तेव्हा रंग बदलला की औषधाचाच परिणाम असे परस्पर ठरवू नये. डेफरॉक्सामिन किंवा डेफरासिरॉक्स घेणाऱ्यांनी वर्षातून एकदा कान आणि डोळे तपासून घ्यावेत.

पथ्यावर फार ताण देऊ नये. एका पिशवीतील लोहापुढे रोजच्या जेवणातून शोषले जाणारे लोह नगण्य आहे. मात्र फॉलिक अॅसिडच्या काही गोळ्यांत लोह मिसळलेले असते, त्यामुळे पाकिटावरील घटक वाचूनच गोळी घ्यावी, आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत.